‘हू’ नेमका कोणाचा?

वनहक्क कायद्याच्या दुसऱ्या कलमात ‘वनात राहणाऱ्या अनुसूचित जमाती’ म्हणजे कोण, हे एका इंग्रजी वाक्यात सांगितले आहे. त्याचा गाभा असा: ‘द मेंबर्स ऑर कम्युनिटी ऑफ द शेड्यूल्ड ट्राइब्ज हू प्रायमरिली रिसाइड इन अँड हू डिपेंड ऑन द फॉरेस्ट्स’. म्हणजे अनुसूचित जमातींचे सदस्य किंवा समुदाय, जे मुख्यत्वे वनात राहतात आणि जे वनावर अवलंबून आहेत. आता हे ‘जे’ कोण? सदस्य की जमाती? ‘हू’ सदस्यांचा धरला, तर दावा करणाऱ्या प्रत्येकाला आपण स्वतः जंगलावर जगतो हे दाखवावे लागेल. ‘हू’ जमातींचा धरला, तर जमात जंगलावर जगणारी आहे एवढे पुरे होईल. मग तिच्यातला एखादा माणूस तीस वर्षे विरारला नोकरी करत असला तरी व्याख्येत बसेल.

जव्हार आणि मोखाडा हे पालघर जिल्ह्यातले दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात. इथली दहातली नऊ माणसे आदिवासी आहेत: वारली, कोकणा, महादेव कोळी, मल्हार कोळी, ठाकूर, कातकरी. डोंगरउतारावर नागली, वरई, उडीद पिकवणाऱ्या अनेकांच्या पायाखालची जमीन सरकारी नकाशात जंगल म्हणून रंगवलेली आहे. त्या जमिनीचा पट्टा नावावर व्हायचा तर दावा ग्रामसभेतून प्रांताच्या समितीकडे आणि तिथून जिल्हा समितीकडे जातो. या प्रवासात कुठेतरी कोणीतरी व्याख्येच्या त्या इंग्रजी वाक्यावर बोट ठेवतोच. त्यामुळे इंग्रजी व्याकरणातला एक कंटाळवाणा वाटणारा प्रश्न इथे पाड्यापर्यंत येऊन पोहोचतो. प्रश्न असा की दोन नामे ‘ऑफ’ने जोडलेली असतील आणि त्यांच्यानंतर ‘हू’, ‘विच’ किंवा ‘दॅट’ने सुरू होणारे विशेषण वाक्य आले, तर ते कोणत्या नामाला लावायचे? व्याकरणकारांनी, मानसशास्त्रज्ञांनी आणि न्यायाधीशांनी यावर काय म्हटले आहे ते एकदा नीट पाहू.

शाळेतले उत्तर सगळ्यांना ठाऊक आहे: जे नाम जवळ, त्याला. आपल्याकडे तीन-चार पिढ्यांनी ज्या रेन आणि मार्टिनच्या पुस्तकावरून इंग्रजी व्याकरण घोटले, त्यातही हा नियम आहे. त्याखालच्या उदाहरणात चक्क एक मिस्टर जोशी येतात. इंग्रजीचे पहिले बक्षीस त्यांच्या मुलाला मिळाले आहे, पण ‘हू’ची जागा चुकली की ते बक्षीस बापाच्या पदरात पडते. उदाहरण चांगलेच आहे. फक्त हा नियम कोणासाठी लिहिला आहे ते विसरले जाते. ‘संबंधी सर्वनाम त्याच्या नामाजवळ ठेवा’ ही लिहिणाऱ्याला दिलेली सूचना आहे. वाचणाऱ्याने ती उलटी फिरवून ‘जवळ आहे, म्हणजे त्याचेच’ असा निष्कर्ष काढायचा, तर लिहिणाऱ्याने सूचना पाळली होती हे आधी गृहीत धरावे लागते. कायदे लिहिणारे ती नेहमी पाळतात, असे कायदे वाचणारा कोणीही म्हणणार नाही.

वाचताना डोके नेमके काय करते, याचा अभ्यास गेल्या पन्नासेक वर्षांत झाला. १९७३ मध्ये जॉन किंबल यांनी म्हटले की इंग्रजी वाचक नवा शब्दसमूह उजवीकडच्या, म्हणजे नुकत्याच वाचलेल्या शब्दाला जोडतो. १९७८ मध्ये लिन फ्रेझियर यांनी याच कल्पनेला अधिक काटेकोर रूप दिले: हातात असलेला वाक्यखंड बंद करायची घाई मेंदू करत नाही, शक्यतो त्यातच पुढचे भरत राहतो. दोघांच्या म्हणण्यामागे एक समजूत होती की ही मानवी मेंदूचीच सवय आहे आणि म्हणून ती सगळ्या भाषांत सारखी दिसेल.

१९८८ मध्ये फर्नांदो कुएतोस आणि डॉन मिचेल यांनी ही समजूत मोडली. त्यांचे वाक्य या विषयातले सगळ्यात प्रसिद्ध वाक्य आहे: कोणीतरी नटीच्या नोकरावर गोळी झाडली, ‘हू वॉज ऑन द बाल्कनी’. सज्जात कोण होते? इंग्रजी वाचक बहुधा म्हणतात, नटी. स्पॅनिशमध्ये शब्दांचा क्रम हाच आहे, नामे त्याच जागी आहेत, पण स्पॅनिश वाचकांचा कल नोकराकडे गेला. पुढे फ्रेंच, जर्मन, डच, ग्रीक अशा भाषांतही दूरच्या नामाकडे कल दिसला. म्हणजे ‘जवळचे नाम’ हा निसर्गनियम नाही, इंग्रजी वाचकांचा तो कल आहे, आणि तोही फार जोरदार नाही.

असे का होते, यावर पुष्कळ शाई खर्च झाली. जॅनेट डीन फोडर यांचे म्हणणे मला सर्वांत पटण्यासारखे वाटते. आपण मनात वाचतो तेव्हाही चाल लावतो, कुठेतरी थांबतो. ‘हू’च्या आधी थांबलो तर विशेषण वाक्य मागच्या सगळ्या शब्दसमूहाला, म्हणजे मुख्य नामाला लागते. न थांबता पुढे गेलो तर शेवटच्या नामाला. विशेषण वाक्य लांब असले की त्याच्या आधी थांबावेसे वाटते, आणि कायद्यातली विशेषण वाक्ये तर लांबच असतात. निनो ग्रिलो आणि जोआओ कोश्ता यांनी २०१४ मध्ये आणखी एक बाब पुढे आणली: स्पॅनिशसारख्या काही भाषांत ‘मी त्याला पळताना पाहिले’ या अर्थाची रचना विशेषण वाक्यासारखीच दिसते, म्हणून तिथला कल फुगून दिसतो. याशिवाय ज्याची स्मरणशक्ती जास्त तो कुठे जोडतो, वाक्य एका दमात वाचायला दिले की तुकड्यातुकड्यांनी, असे बारकावे निघतच राहिले. पाड्यावरच्या वाचकाने एवढेच लक्षात ठेवावे: इंग्रजीतही जवळीक ही पहिली अटकळ असते, निकाल नसतो.

मग निकाल कशाने लागतो? थोडे वाक्यातल्याच खुणांनी. ‘द टीचर मेट द डॉटर ऑफ द सरपंच हू लिव्ह्ज इन जव्हार’ यात क्रियापदाचे एकवचन दोघांनाही चालते, म्हणून खूण निकामी ठरते. पण ‘डॉटर्स’ केले आणि क्रियापद ‘लिव्ह’ झाले की मुलीच जव्हारला राहतात, यात वाद उरत नाही. ‘हू’ माणसांना आणि ‘विच’ वस्तूंना, हीही अशीच उघड खूण. ‘ऑफ’च्या जागी ‘विथ’ आला की कल जवळच्या नामाकडे झुकतो, कारण ‘विथ’ने जोडलेले नाम स्वतःचे वेगळे अस्तित्व घेऊन येते. स्वल्पविरामाची खूण मात्र लोक समजतात तितकी पक्की नाही. मराठीला तर विरामचिन्हे मेजर थॉमस कँडी यांच्या काळात, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर, इंग्रजी छपाईच्या वळणाने मिळाली, आणि अजूनही आपण ती थोडी भीतभीतच वापरतो. कायद्याच्या वाचनात स्वल्पविराम हा दुय्यम पुरावा आहे, असे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९५२ च्या अश्विनीकुमार घोष खटल्यातच म्हटले आहे.

या सगळ्या खुणा संपल्या की उरतो अर्थ. आणि इथे इंग्रजी ग्रंथांच्या मागे धावण्याआधी घरातल्या ग्रंथांकडे पाहिले असते तर बरे झाले असते. आपल्या न्याय आणि मीमांसा परंपरेने वाक्यातून अर्थ कळण्याच्या तीन अटी सांगितल्या: आकांक्षा, योग्यता आणि संनिधी. कोणत्या शब्दाला कोणता शब्द हवा आहे ही आकांक्षा, तो जोडला तर अर्थाला पटतो का ही योग्यता, आणि शब्द एकमेकांजवळ आहेत का ही संनिधी. इंग्रजी शालेय नियमाने यातल्या एकट्या संनिधीला राजा केले. मीमांसकांनी तसे केले नाही. जैमिनींच्या सूत्रांत अर्थनिश्चितीची सहा प्रमाणे उतरत्या बळाने मांडली आहेत: श्रुती, लिंग, वाक्य, प्रकरण, स्थान, समाख्या. यातले ‘स्थान’ म्हणजे जागा, क्रम. ते पाचवे आहे आणि प्रकरणापेक्षा, म्हणजे संदर्भापेक्षा, दुबळे मानले आहे. यज्ञातले कोणते द्रव्य कोणत्या विधीचे, हा त्यांचा मूळ प्रश्न होता. ‘हू’ कोणाचा, हा त्याच घराण्यातला प्रश्न आहे.

हे लिहिताना मला हटकून न्यायमूर्ती प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर आठवतात. साताऱ्याचे, संस्कृत विद्वानांच्या घराण्यातले, पुढे १९६४ मध्ये भारताचे सरन्यायाधीश झालेले. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात त्यांच्यासमोर जे प्रकरण आले ते भंडाऱ्याचे, म्हणजे पितळी भांड्यांसाठी नाव असलेल्या गावचे. एका बाजूला मुंबईचे प्रादेशिक भविष्यनिर्वाह निधी आयुक्त, दुसऱ्या बाजूला श्रीकृष्ण मेटल मॅन्युफॅक्चरिंग कंपनी. कंपनीच्या कारखान्यात एकाच आवारात अनेक प्रकारचे उद्योग चालत, आणि त्यातले सगळे काही भविष्यनिर्वाह निधी कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत नव्हते. कायदा कोणाला लागू, हे सांगणाऱ्या कलमात तीन नामे एकापाठोपाठ होती: कारखाने, उद्योग, अनुसूची. त्यांच्या शेवटी विशेषण वाक्य: ज्यात पन्नास किंवा अधिक माणसे कामाला आहेत.

आता ‘ज्यात’ म्हणजे कशात? सगळ्यात जवळचे नाम अनुसूची. अनुसूचीत पन्नास माणसे कामाला असू शकत नाहीत, हे कोणालाही सांगावे लागत नाही. संनिधी पहिल्याच पायरीवर हरली. उरले उद्योग आणि कारखाना. उद्योग धरला तर फक्त अनुसूचीतल्या उद्योगात राबणारी माणसे मोजायची, आणि तो आकडा पन्नासच्या खाली गेला की कायदा लागू नाही. कारखाना धरला तर आवारातली सगळी माणसे मोजायची. न्यायालयाने सांगितले की ही अट कारखान्याला लागते, उद्योगाला नाही. दोन पानांचा व्याकरणाचा धडा वाटावा असा हा मुद्दा, पण त्यावर कामगारांचा निधी ठरत होता. पन्नासची ती मर्यादा निकाल येईपर्यंत वीसवर आली होती. वाक्याच्या रचनेने निर्माण केलेली अडचण मात्र कायद्याच्या पुस्तकांत कायम राहिली, आणि आजही वकील या निकालाचा दाखला देतात.

याच्या बरोबर उलट टोकाला अमेरिकेचा २००३ चा बार्नहार्ट विरुद्ध थॉमस हा निकाल आहे. अपंगत्वाचा भत्ता मागणारी एक लिफ्टचालक बाई. तिचे पूर्वीचे काम ती अजून करू शकत होती, पण लिफ्टचालकाची नोकरीच देशातून जवळपास नाहीशी झालेली. कायद्यात म्हटले होते की पूर्वीचे काम किंवा इतर कोणतेही काम, ‘विच एक्झिस्ट्स इन द नॅशनल इकॉनॉमी’, करता येत नसेल तर अपंगत्व मानावे. ‘विच’ दोन्ही कामांना लावले तर बाईला भत्ता मिळतो, फक्त शेवटच्याला लावले तर नाही. न्यायमूर्ती अँटोनिन स्कॅलिया यांनी एकमताने दिलेल्या निकालात ते शेवटच्यालाच लावले. उदाहरण म्हणून त्यांनी घरी एकट्या सोडलेल्या मुलाला आईबापांनी दिलेली ताकीद घेतली: मेजवानी दिलीस किंवा घराचे नुकसान करणारे दुसरे काही केलेस तर शिक्षा. मेजवानीने घराचे काही बिघडले नाही, म्हणून मुलगा सुटत नाही. तर्क चोख आहे. पण हा निकाल वाचताना मला नेहमी वाटते की ज्या नोकरीचे नावच पुसले गेले ती ‘करू शकतेस’ असे एखाद्या माणसाला सांगणे योग्यतेच्या कसोटीवर टिकत नाही. मीमांसकाने तिथे संनिधीला एवढे मोठे पद दिले नसते. १९६२ चा भंडाऱ्याचा निकाल मला अधिक शहाणा वाटतो, कारण त्याने जवळच्या नामावर अडून न राहता ‘ज्यात’ची जागा ठरवली.

आता पुन्हा मोखाड्याकडे.

वनहक्क कायद्याला २९ डिसेंबर २००६ रोजी राष्ट्रपतींची मान्यता मिळाली, ३१ डिसेंबर २००७ पासून तो लागू झाला आणि १ जानेवारी २००८ ला नियम आले. या कायद्यात ‘हू’ आणि ‘विच’ची विशेषण वाक्ये मोठ्या संख्येने आहेत आणि त्यातली काही अर्थाने फार महाग आहेत.

पहिले वाक्य सुरुवातीला दिलेलेच. त्यात क्रियापदाची खूण उपयोगाची नाही: ‘रिसाइड’ हे अनेकवचन सदस्यांनाही चालते आणि जमातींनाही. जवळीक जमातींच्या बाजूने आहे. पण योग्यता सदस्यांच्या आणि समुदायाच्या बाजूने आहे, कारण हक्क मिळणार आहे तो त्यांना, राज्यभर पसरलेल्या जमातीला नव्हे. कायद्याच्या तिसऱ्या आणि चौथ्या कलमांचा सगळा संदर्भही तिकडेच झुकतो. त्यामुळे ‘हू’ सदस्यांचा आणि समुदायाचा, हे माझे मत. मात्र त्यातून एक अडचण उभी राहते आणि ती इथली आहे. भात झोडून झाले की जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांतली कितीतरी कुटुंबे वीटभट्टीवर जातात, भिवंडीकडे, वसईकडे, आणि पाऊस जवळ आला की परततात. वर्षातले निम्मे दिवस भट्टीवर काढणारा माणूस ‘मुख्यत्वे वनात राहतो’ असे म्हणायचे का? इथे वाक्यातला दुसरा ‘हू’ मदतीला येतो. ‘हू’ दोनदा आला आहे. राहणे एक, अवलंबून असणे दुसरे, आणि ‘मुख्यत्वे’ हे क्रियाविशेषण पहिल्यालाच बांधलेले आहे. केंद्राच्या आदिवासी कार्य मंत्रालयाने जून २००८ मध्ये स्पष्टीकरण दिले की जंगलाच्या आतच घर असावे असे नाही. उपजीविकेसाठी जंगलावर खऱ्या अर्थाने अवलंबून असलेलेही यात येतात. भट्टीवर गेलेल्या माणसाचे घर, शेत, सरपण, मोह आणि रानभाज्या पाड्यावरच असतात. स्थलांतर हे वास्तव्य सोडणे नव्हे, एवढे या वाक्यातून निश्चित निघते.

दुसरे वाक्य बिगरआदिवासींसाठीचे, ‘इतर पारंपरिक वननिवासी’ यांच्या व्याख्येचे. या दोन तालुक्यांत असे लोक थोडे असले तरी आहेत. वाक्याचे स्वरूप असे: जो सदस्य किंवा समुदाय १३ डिसेंबर २००५ पूर्वी किमान तीन पिढ्या मुख्यत्वे वनात राहिला आहे आणि जो वनावर अवलंबून आहे. पिढी म्हणजे पंचवीस वर्षे, हे तिथेच सांगितले आहे, म्हणून ‘पंचाहत्तर वर्षे’. १३ डिसेंबर २००५ ही विधेयक लोकसभेत मांडले गेले ती तारीख. आता ‘तीन पिढ्या’ कशाला लागतात? इंग्रजी क्रियापदांकडे पाहा. राहण्याचे क्रियापद पूर्ण वर्तमानकाळात, अवलंबून असण्याचे साध्या वर्तमानकाळात, आणि मध्ये नवा ‘हू’. तीन पिढ्यांची अट राहण्याला लागते, आजच्या अवलंबून असण्याला नाही. आणि दावा केलेल्या जमिनीच्या तुकड्यावर पंचाहत्तर वर्षे नांगर चालला पाहिजे, ही तर या वाक्यात कुठेच नसलेली अट आहे. जमिनीच्या ताब्याची अट चौथ्या कलमात वेगळी आहे आणि ती फक्त १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या ताब्याची आहे. दोन वेगळ्या कलमांतल्या दोन अटी एकमेकींत मिसळून कोणी पंचाहत्तर वर्षांचा नांगर मागत असेल, तर तो व्याकरणाचाच अपराध आहे.

तिसरे वाक्य सामूहिक वनसंपत्तीच्या व्याख्येचे, आणि माझ्या मते सगळ्यात कमी चर्चेतले. गावाच्या पारंपरिक सीमेतली वनजमीन सामूहिक वनसंपत्ती ठरते. त्यात राखीव वने, संरक्षित वने, आणि अभयारण्ये व राष्ट्रीय उद्यानांसारखी संरक्षित क्षेत्रे येतात, ‘टू विच द कम्युनिटी हॅड ट्रॅडिशनल अ‍ॅक्सेस’, म्हणजे जिथे समुदायाचा परंपरेने वावर होता. हा ‘विच’ कोणाचा? फक्त अभयारण्ये आणि राष्ट्रीय उद्यानांचा, सगळ्या संरक्षित क्षेत्रांचा, की थेट सगळ्या जंगलांचा? सगळ्यांना लावला तर प्रत्येक गावाला आपल्या राखीव जंगलातलाही वावर वेगळा सिद्ध करावा लागेल. जवळच्यांना लावला तर ती अट फक्त संरक्षित क्षेत्रांपुरती राहते. इथे जवळीक आणि योग्यता दोन्ही एकाच बाजूला आहेत, कारण गावाची ‘पारंपरिक सीमा’ वाक्याच्या सुरुवातीलाच आली आहे आणि तोच वावर पुन्हा मागण्यात हशील नाही. तानसा अभयारण्याची हद्द शहापूर आणि वाड्याबरोबर मोखाडा तालुक्यालाही लागते, त्यामुळे हा वाद इथे कागदी नाही. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाने २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला तेव्हा ही व्याख्या काय देऊ शकते ते राज्याला दिसले. ज्यांच्या सीमेला अभयारण्य लागून आहे त्यांनी या ‘विच’कडे विशेष लक्ष द्यावे.

हे सगळे इंग्रजीचे दुखणे झाले. मराठीत असे होत नाही, असे छातीठोकपणे सांगणारे भेटतात. दादोबा पांडुरंगांनी १८३६ मध्ये आणि मोरो केशव दामल्यांनी १९११ मध्ये मराठीची व्याकरणे लिहिली, तेव्हापासून जो-जी-जे यांची लिंगे आपण पाठ करत आलो आहोत, आणि ती खरोखर उपयोगाची आहेत. ‘सरपंचाची मुलगी, जी जव्हारला राहते’ यात गोंधळ नाही. सरपंचबाई असल्या तरी बिघडत नाही: मुलगी ‘जी राहते’, बाई ‘ज्या राहतात’. आदरार्थी बहुवचन इथे अर्थाचा पहारा करते, आणि इंग्रजीजवळ हे हत्यार नाही. शिवाय आपल्याकडे जो-तो जोडी आहे. ‘जी मुलगी जव्हारला राहते, तिला’ म्हटले की नाम विशेषण वाक्याच्या पोटातच बसते आणि शंकेला जागा उरत नाही.

पण सरकारी मराठी ही जोडी वापरत नाही. तिला ‘-णारा’ आणि ‘-लेला’ आवडतात, आणि तिथेच घात होतो. ‘जव्हारला राहणाऱ्या सरपंचबाईंच्या मुलीला’ यात जव्हारला कोण राहते? विभक्ती लागली की ‘राहणारी’चे ‘राहणाऱ्या’ होते, पुल्लिंगी, स्त्रीलिंगी, नपुंसक, एकवचन, अनेकवचन, सगळे एका रूपात विरघळते. मराठीचा लिंगवचनांचा सगळा पहारा अशा वेळी झोपी जातो. ‘सरपंचबाईंच्या जव्हारला राहणाऱ्या मुलीला’ म्हटले तर अर्थ उलगडतो, पण त्यासाठी लिहिणाऱ्याला थांबून जागा बदलावी लागते. आता याच साच्यात वनहक्काची व्याख्या ओता: ‘वनात राहणाऱ्या अनुसूचित जमातींच्या सदस्यांना’. इंग्रजीतला गोंधळ जसाच्या तसा मराठीत आला, उलट थोडा वाढला, कारण इंग्रजी ‘हू’ निदान डोळ्यांना दिसतो. ‘अनुसूचित जमातींचे जे सदस्य वनात राहतात, त्यांना’ असे लिहिले असते तर वाद सुरूच झाला नसता.

शाळांबद्दल थोडेच. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. जव्हार-मोखाड्यातल्या आश्रमशाळेतले मूल घरी वारली, कोकणा, कातकरी किंवा ठाकरी बोलते, वर्गात मराठी शिकते आणि इंग्रजी ही त्याच्यासाठी तिसरी भाषा असते. दहावीपर्यंत त्याच्याकडून ‘हू’ किंवा ‘विच’ वापरून दोन वाक्ये जोडण्याचा सराव करून घेतला जातो. जोडलेले वाक्य पुन्हा सोडवण्याचा सराव मात्र फारसा कोणी करून घेत नाही, आणि आयुष्यात गरज पडते ती नेमकी सोडवण्याची. शिक्षकांना सुचवावेसे वाटते की उतारा वाचताना प्रत्येक ‘हू’पाशी थांबून एकच प्रश्न विचारावा: हे कोणाबद्दल म्हटले? मुलाने उत्तर आपल्या घरच्या बोलीत दिले तरी चालेल. मग क्रियापद, ‘हू’ की ‘विच’, आणि शेवटी अर्थ, या क्रमाने उत्तर तपासावे. यासाठी वेगळ्या पुस्तकाची गरज नाही.

ग्रामसभेच्या वनहक्क समितीत बसणाऱ्यांनी मात्र हे आजच करावे. दावा फेटाळल्याचे पत्र आले आणि त्यात कायद्याच्या व्याख्येचा हवाला असला, तर इंग्रजी मूळ वाक्य मागून घ्यावे. त्यातला ‘हू’ किंवा ‘विच’ अधिकाऱ्याने कोणत्या नामाला लावला आहे, हे लेखी विचारावे, आणि अपिलात आपले नाम कोणते आणि का, हे एका साध्या ‘जे-ते’च्या मराठी वाक्यात लिहून द्यावे.